मासे चिरायची विळी आणि चांद्याचे लोखंड

पाच-सहा किलोचा रोहू किंवा कटला चिरायचा म्हणजे एकाच पात्याकडून दोन परस्परविरोधी कामे करून घ्यायची. पोट फाडताना धार तीक्ष्ण हवी, पण पाते खोल जाता कामा नये. पित्ताची पिशवी फुटली की मांस कडू होते. कणा तोडताना मात्र जाड, वजनदार पाते लागते, नाहीतर धारेचा टवका उडतो. विदर्भातल्या घरांत यावरचा उपाय म्हणजे विळी, तिलाच पावशीही म्हणतात. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात माशासाठी मोकळे राहतात. बुळबुळीत मरळ राख लावून दोन हातांनीच धरावा. एका हातात सुरी घेऊन त्याच्याशी झुंजणारा बहुधा स्वतःचे बोट कापून घेतो. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायचे, कारण त्यांची मोकळी कड शेपटीकडे असते.

हे पाते येते कुठून? विदर्भात लोखंड फार जुने आहे. नागपूर जिल्ह्यात नाईकुंड येथे १९७० च्या दशकाअखेरच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती इ.स.पू. ७०० च्या सुमाराची मानतात. जुन्या चांदा जिल्ह्यात (१९८२ मध्ये त्यातूनच गडचिरोली वेगळा झाला) एकोणिसाव्या शतकातही लोणारी कोळशावर गावभट्ट्या चालत. त्यांत लोखंड वितळत नसे. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, हाताच्या भात्याने तेवढी उष्णता मिळणे कठीण. मळी तेवढी वितळून वाहून जाई आणि मागे स्पंजासारखा गोळा राही, तो ठोकून घट्ट करायचा. अशा लोखंडात कार्बन सहसा फारच थोडा. ते वाकते, पण तुटत नाही. धार मात्र धरत नाही. कार्बन अर्धा टक्का किंवा जास्त असेल तर लाल तापवून एकदम थंड केल्यावर पोलाद चांगले कडक होते, आणि पुन्हा बेताने तापवले नाही तर तडकते. ‘पाणी देणे’ म्हणजे हेच. तपमापकाशिवाय, नुसत्या रंगावरून हे जमवणारा लोहार आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

१८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात चांद्याच्या लोखंडावरचा फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा अहवाल आला. लोहाऱ्याला उत्तम खनिज, जवळच वरोऱ्याला कोळसा. पण हा कोळसा झोतभट्टीला योग्य ठरला नाही. १९०४ मध्ये दोराबजी टाटा आणि सी. एम. वेल्ड यांनी चांद्यात पुन्हा शोध घेतला, तरी कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. गावभट्टीला दगडी कोळशाची अडचण नव्हती. तिला जंगल हवे होते, आणि १८७८ च्या वनकायद्याने त्यावर निर्बंध आणले. त्यात विलायती लोखंड स्वस्त मिळू लागले. मोठी भट्टी आली नाही आणि लहान विझल्या.

आजचा लोहार ट्रकच्या कमानीचा जुना पाटा कापून पाते घडवतो. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, आणि लवचीकपणाही. विळी विकत घेताना बारीक कानस फिरवून पाहावी. पाठीवर ती सहज चावली पाहिजे, धारेवर थोडी निसटली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच चावत असेल तर त्या पात्याला पाणी दिलेलेच नाही, आणि कटल्याच्या कण्यावर ते दोन दिवसांत बोथट होईल.