चार भोकं आणि एक सोमवार

तर झालं असं, की ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "कसा आहेस? आता सगळं दुर्बिणीतूनच होतं ना? मग सोमवारी येतोयस?" मी सवयीने "हो" म्हणून टाकलं. फोन ठेवला, पोटावरच्या चार छोट्या पट्ट्यांकडे बघितलं आणि वाटलं, हा सोमवार नक्की ठरवला कुणी? डॉक्टरांनी, मॅनेजरनी, की दुर्बिणीने? घरी पडून करायला दुसरं काही नव्हतंच. वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते बर्लिनमध्ये. १५ जुलै १८८२ रोजी कार्ल लांगेनबूख या सर्जननी ४३ वर्षांच्या एका रुग्णाचं पित्ताशय काढलं. जगातलं हे असं पहिलं ऑपरेशन. बिचारा वर्षानुवर्षं खड्यांनी हैराण होता, दुखणं मारायला मॉर्फिन घेऊन घेऊन त्याची सवय लागलेली. तोवर सर्जन फक्त खडे काढत आणि पिशवी आत तशीच ठेवत. लांगेनबूखचं म्हणणं असं, की खडे तयारच त्या पिशवीत होतात, तर पिशवीच काढा. एकाच मॉड्यूलमधून पुन्हापुन्हा बग येत असेल तर आपणही हेच म्हणतो की! पण ते मॉड्यूल काढल्यावर सिस्टिम चालेल का? त्यावर त्यांनी हत्ती आणि घोड्याचा दाखला दिला. या दोघांना पित्ताशय नसतंच, आणि त्यांचं काही अडत नाही. पित्त तयार करतं यकृत, पित्ताशय ते नुसतं साठवून ठेवतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णाला ताप नव्हता आणि साहेब चक्क सिगार ओढत होते! पण घरी जायला मात्र सुमारे दीड महिना लागला.

पुढची शंभर वर्षं ऑपरेशन साधारण तेच राहिलं. उजव्या बरगडीखाली मोठी चीर, पोटाचे स्नायू कापलेले, आणि ते सांधेपर्यंत जड काम बंद. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं हे ऑपरेशन ८ ऑक्टोबर १९६५ ला झालं. जवळजवळ दोन आठवडे ते इस्पितळात होते, आणि शर्ट वर करून पत्रकारांना तो लांबलचक व्रण दाखवतानाचा त्यांचा फोटो जगभर गाजला.

आमच्या आत्याच्या पोटावरही असाच वीतभर व्रण आहे. १९८४ सालचा. ती अजून सांगते, "दीड महिना मला कुणी पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, कणीक मळू दिली नाही." आवाजात कौतुक असतं. आता कळतंय, लग्नानंतरची तिची तेवढी एकच रजा होती.

मग १२ सप्टेंबर १९८५ ला जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावी एरिक म्युहे यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. १९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तेव्हा छोटी चीर म्हणजे छोटा मेंदू, अशी टवाळी झाली. गंमत म्हणजे १९९२ साली त्याच संस्थेने त्यांना पुरस्कार दिला. दरम्यान १९८७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या फिलिप मूरे यांनीही हे केलं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ही पद्धत जगभर पसरली.

भारतात ती आली १९९० मध्ये, आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहेमटन उदवाडिया तिथे १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरतच होते. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की सुरुवात सरकारी रुग्णालयात झाली. रोजंदारीवरच्या माणसासाठी लवकर कामावर जाणं ही चैन नाही. दीड महिना घरी म्हणजे दीड महिन्याची मजुरी बुडाली.

पण एक गोष्ट आपण विसरतो. बदलला तो फक्त दरवाजा. आतलं काम तेच आहे: तीच नळी आणि तीच रक्तवाहिनी बंद करायची, तीच पिशवी यकृतापासून सोडवायची. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खांदा दुखतो (पोटाचं ऑपरेशन आणि दुखतोय खांदा, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं!). चालणं त्याच दिवशी सुरू होतं. खुर्चीतलं काम बऱ्याच जणांना एक-दोन आठवड्यांत जमतं. पण जड उचलणं, जिम, ट्रेक यांना काही आठवडे थांबावंच लागतं. हे सरासरीचं झालं, तुमची तारीख तुमचे डॉक्टर सांगणार.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचंही हेच ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. आठव्या दिवशी त्या चार घरांच्या पोळ्या लाटत होत्या. "भोकंच तर आहेत," म्हणाल्या. आम्हीही तेव्हा "वा, छानच!" म्हटलं होतं. पगारी सुट्टी मात्र आम्ही चारपैकी एकाही घराने देऊ केली नव्हती.

म्युहे आणि उदवाडियांनी वाचवलेले ते दिवस खरं तर रुग्णाचे. पण ते जातात कुणाच्या खात्यात?

असो. संध्याकाळी मॅनेजरला फोन केला. "डॉक्टरांनी पुढचा सोमवार सांगितलाय, तेव्हाच येईन." दोन सेकंद शांतता, मग "ओके, टेक केअर." बास, एवढंच!

मावशींना मात्र गेल्या वर्षीच्या त्या दिवसांचे पैसे आज दिले. उशिराच.