खडकीच्या चिखलातून बँकॉकला

जुलै 1978. पोशीरला आवणी चालली आहे. तुम्ही पोटऱ्यांवरचा चिखल धुता, मिळेल त्या गाडीनं नेरळ गाठता, तिथून कर्जत. पुण्याच्या गाडीला घाटासाठी मागून बँकर इंजिन लागेपर्यंत दिवाडकरांचा वडा खाऊन होतो. गाडी घाट चढते. लोणावळ्याला उतरून तुम्ही नुकतीच सुरू झालेली पुण्याची लोकल धरता आणि खडकीला पाय ठेवता.

ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतलं मैदान भिजून मऊ झालंय. पोरं अनवाणी धावताहेत. त्यांच्यातला एक काटकुळा, याच महिन्यात दहा वर्षांचा झालेला. त्याची हॉकीची स्टिक मोडलेली आहे, दोरीनं करकचून बांधलेली. चेंडू कुणीतरी टाकून दिलेला. वडील नागलिंगम मैदानाची देखभाल करतात. पाच मुलगे, पगार तुटपुंजा, तरी आई अंदलम्मा पोरांना खेळापासून ओढून नेत नाहीत. घरात तमिळ, मैदानावर खडकीची मराठी.

जरा वेळ काठावर थांबा. चिखलात मारलेला चेंडू कुठे अडेल, कुठे उसळेल, याचा नेम नसतो. लांबचा पास देऊन भागत नाही. चेंडू स्टिकलाच ठेवून पळावं लागतं. तो पोरगा तेच करतोय. मान खाली, वेग तोच, आणि समोरचा गडी मागे पडलेला. पुढे जगभरचे बचावपटू ज्या धावेला घाबरले, ती इथे घडली असं मला मनापासून वाटतं. दोन वर्षांपूर्वीच माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये हॉकी कृत्रिम गवतावर गेली आहे. ते गवत या पोरांनी पाहिलेलंही नाही.

आता काही वर्षं पुढे या. त्या पोराचा, धनराजचा, थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळतो. तीच आरसीएफ, जिचा कारखाना आपल्या रायगडात थळला आहे. धनराजही त्याच्यामागे मुंबईला येतो. खडकीहून मुंबईची वाट तुमच्या कर्जत-नेरळवरूनच जाते. पुढे महिंद्राकडून खेळताना जोकिम कार्व्हालो त्याला घडवतात. 1989 साली तो भारताच्या संघात येतो.

डिसेंबर 1998, बँकॉक. इथे मात्र घाई करू नका, जागा धरून बसा. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. भारतानं या स्पर्धेतलं हॉकीचं सुवर्ण शेवटचं जिंकलं ते 1966 साली, याच शहरात. तेव्हा आज कर्णधार असलेला धनराज जन्मलाही नव्हता. सत्तर मिनिटं संपतात, बरोबरी सुटत नाही. पेनल्टी स्ट्रोक. गोलपासून 6.4 मीटरवर चेंडू, मध्ये एकटा गोलरक्षक. तुमच्या तळहातांना घाम सुटतो. आशिष बल्लाळ झेपावतो, अडवतो, पुन्हा अडवतो. 32 वर्षांनी सुवर्ण! प्रशिक्षक कौशिक, खेळाडू, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. तुम्ही ओरडा, पोशीरपर्यंत ऐकू जाईल असं ओरडा.

यानंतर जे झालं तेही बघायला हवं. सुवर्ण जिंकून आलेल्या संघातून धनराजसकट सात ज्येष्ठ खेळाडू पुढच्या मालिकेला वगळले जातात. कारण सांगितलं जातं विश्रांतीचं. पण त्यानं तुटपुंज्या भत्त्यांबद्दल उघड तक्रार केली होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. देशासाठी धावणाऱ्यानं मेहनतान्याचं विचारलं, यात चूक काय? मला त्याचा आजही संताप येतो.

सप्टेंबर 2000, सिडनी ऑलिम्पिक. धनराज पुन्हा संघात आहे. पोलंडला हरवलं की उपांत्य फेरी. भारत 1-0 नं पुढे. शेवटची मिनिटं, आणि पोलंडचा गोल. बरोबरी पुरेशी नाही. धनराज रडतो, आणि तुम्हाला नजर कुठे वळवावी कळत नाही.

2004 साली अथेन्सला तो 36 वर्षांचा आहे. भारत सातवा येतो आणि त्याची कारकीर्द तिथे थांबते. 339 सामने. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा. ऑलिम्पिक पदक एकही नाही. संदीप मिश्रांनी 2007 साली त्याचं चरित्र लिहिलं, त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘मला माफ कर, अम्मा’. दोरीनं बांधलेल्या स्टिकवर इतकं कमावणाऱ्या मुलानं अंदलम्मांची माफी कशासाठी मागावी, हे मला अजूनही पटलेलं नाही.