मोथ्याचं फळ आणि ओळखीचा प्रश्न

(किन्हीराजा इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोथ्यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे, एखादी वस्तू ‘तीच’ आहे हे ठरतं कशावरून? मालेगाव तालुक्यातल्या तुमच्या वावरांत हा प्रश्न दर पावसाळ्यात उगवतो. सोयाबीनमध्ये गवत मारायचा फवारा होतो, गवत पिवळं पडतं आणि मोथा तसाच डुलत राहतो. औषध खोटं निघालं का? नेहमी तसं नसतं. काही औषधं फक्त गवतवर्गावरच चालतात आणि मोथा गवत नाही. काडी बोटांत फिरवून बघा, तीन धारा लागतात.

आपल्याकडे मोथा ओळखला तो गाठीवरून. आयुर्वेदातली मुस्ता म्हणजे ही गाठच. लिनियसनं १७५३ मध्ये सायपरस रोटुंडस हे नाव दिलं, त्यातला ‘रोटुंडस’ म्हणजे गोल, तोही गाठीवरूनच. उपयोग जिथे, तिथे नजर. पण गाठीवरून कूळ कळत नाही.

फळाकडे बघा, हे आग्रहानं सांगितलं इटलीतल्या चेसाल्पिनोनं, १५८३ मध्ये. हा ॲरिस्टॉटलच्या परंपरेतला. त्याचा युक्तिवाद असा: वनस्पतीची दोनच मोठी कामं, स्वतःला पोसणं आणि आपल्यासारखं दुसरं निर्माण करणं. दुसरं काम फळात आणि बीत पूर्ण होतं, म्हणून वर्गीकरणही त्यावरच उभं राहावं. म्हणजे फळांच्या अभ्यासामागे आधी एक तत्त्वज्ञान होतं. १७८८ मध्ये जर्मनीत गेर्टनरनं फळं-बिया चिरून, चित्रं काढून ग्रंथच केला. पुढच्याच वर्षी जुस्यूनं मोथ्याचं कूळ गवतापासून वेगळं मांडलं. लिनियसनं पुंकेसर मोजले होते. मोथ्याला तीन, बहुतेक गवतांनाही तीन, म्हणून दोघं शेजारी बसले होते.

आता फळ उघडू. गव्हाच्या दाण्यात फळाची साल आणि बियाचं आवरण एकजीव असतात, दळल्यावर त्यांचाच कोंडा निघतो. मोथ्यात तसं नाही. सूर्यफुलाचं टरफल फोडलं की आतलं बी सुटं निघतं ना, तसं इथेही बी आत सुटं, फक्त एका ठिकाणी चिकटलेलं. गव्हाचा अंकुर दाण्याच्या बाजूला बसतो. मोथ्याच्या कुळात तो तळाशी, अन्नसाठ्यात रुतलेला असतो. फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकाला तीन फाटे असले तर फळ तिधारी, दोन असले तर चपटं. मोथ्याचं तिधारी.

या कथेत आपलं नागपूरही आहे. १९७१ मध्ये नागपूरचे एम. डी. पाध्ये यांनी शिकागोच्या ‘बोटॅनिकल गॅझेट’मध्ये किलिंगा ब्रेव्हिफोलिया या मोथ्याच्या भावकीतल्या वनस्पतीचा जीवनक्रम मांडला आणि किलिंगाची जागा कुठे, याची चर्चा केली. त्याच वर्षी फिलाडेल्फियात शायलरनं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतींच्या फळांची साल तपासली. या सालीच्या पेशींत वाळूच्याच द्रव्याचे, सिलिकाचे, बारीक सुळके असतात. त्यांची ठेवण जातीजातीत वेगळी, म्हणून ओळखीला कामाची.

रॉटबॉलनं १७७३ मध्ये वेगळी काढलेली किलिंगा डीएनएच्या पुराव्यावर २०१४ च्या सुमारास पुन्हा सायपरसमध्ये घातली गेली. मग दोनशे-चाळीस वर्षांची मेहनत वाया गेली का? मला तसं वाटत नाही. डीएनए भाऊबंदकी सांगतो. पण ते फळ आतून कसं घडतं, हे चिरूनच बघावं लागतं.

आता गंमत बघा. मोथ्याचं बी फारसं रुजत नाही. पसरतो तो गाठींवर, म्हणून निंदण करून वरचं उपटलं तरी तो परत येतो. म्हणजे चेसाल्पिनोनं ज्याला मुख्य काम म्हटलं, तेच मोथा फळाकडून फारसं करून घेत नाही. तरी तो कोण, हे फळच सांगतं. जगण्याचं अंग एक, ओळखीचं अंग दुसरं. शेतकऱ्याला दोन्ही कळावी लागतात. कूळ कळलं तर औषध चुकत नाही, गाठ कळली तर मेहनत चुकत नाही.

उद्या वावरात गेलात की मोथ्याचा एक तुरा तळहातावर चोळून बघा. दाणे बारीक आहेत, भिंग लागेल. धार मात्र मोजता येईल.