माऊलींचे अश्व

हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व दिले. ती सेवा आजही चालू आहे. कृष्णाकाठची अंकली ते आळंदी, वाट सुमारे ३०० किलोमीटरची. एका अश्वावर जरीपटक्याचा स्वार. दुसऱ्यावर माऊली, म्हणून पाठ रिकामी.

जेठाच्या दमट हवेत घोड्याला घाम येतो, पण तो वाळत नाही. अंग निवत नाही. म्हणून चाल पहाटेची, दुपारी सावली, पोटभर पाणी, खाण्यात मीठ, अंगावर पाण्याचा हात.

२०१८ साली पुण्यात हिरा अश्व गेला, तेव्हा सगळा सोहळा हळहळला. आम्ही वारणाकाठचे वारकरी एवढंच सांगतो : रिंगणानंतर टापांखालची माती कपाळी लावा, पण गर्दी करून अश्वाचा वारा अडवू नका. तीही सेवाच.