‘नोंदवही’विषयी तळटीप
१. नोंदवही : येथे ‘लोक जैवविविधता नोंदवही’ अभिप्रेत. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. जाणत्यांना विचारून नोंदवही करायची ती या समितीने. कोकणातल्या तळेऱ्यासारख्या हमरस्त्यावरच्या गावात जमीन बिनशेती होण्याआधी सडा (कातळपठार), राई, व्हाळ (ओढा) यांची हजेरी लागू शकते ती या नोंदवहीत. मात्र ही बांधकामाची पूर्वअट नव्हे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी साधारणतः २०,००० चौरस मीटर व त्यावरील बांधकामांना लागते. लहान बांधकामे सुटतात. याउलट इंग्लंडात २०२४ पासून अनेक बांधकामांना, काम सुरू होण्यापूर्वी, जैवविविधतेत किमान १० टक्के वाढीचा आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो. – संपा.