महारोहिणीचे दुखणे

मराठवाड्यातील हृदयरोग्यांच्या इलाजाचा इतिहास लिहावयाचा झाला, तर तो शस्त्रक्रियागृहापासून नव्हे, लोहमार्गापासून आरंभावा लागेल. 1900 साली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरमापी रूळ काचीगुड्यापासून मनमाडपर्यंत पोहोचला, आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्या मार्गाच्या मनमाडकडील टोकाशी जोडले गेले. निजामी अमदानीत या मुलखातील ज्या दुखणेकऱ्याला ऐपत असे, त्याला पूर्वेकडे हैदराबादच्या उस्मानिया दवाखान्याची वाट मोकळी होती. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि सरकारी दप्तरांची दिशा जशी बदलली, तशी रुग्णांचीही बदलली. त्याच वर्षी शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्या रुग्णालयाला लोकांनी ‘घाटी’ म्हणावयास सुरुवात केली, आणि अवघ्या मराठवाड्यात आजही तेच नाव चालते. परंतु घाटीत स्टेथोस्कोप छातीला लावून द्विदल झडपेचा बिघाड ओळखता येत असला, तरी त्या झडपेवर हात चालविण्याची सोय तेथे पुष्कळ वर्षे नव्हती. त्यासाठी मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठावी लागे, आणि मुंबई म्हणजे बहुधा परळचे के.ई.एम. रुग्णालय.

या वाटेने जाणारा रुग्ण म्हातारा नसे, ही गोष्ट पाश्चात्त्य ग्रंथांतून वैद्यक शिकलेल्यांना प्रथम विस्मयकारक वाटली असली पाहिजे. तो दहा-पंधरा वर्षांचा मुलगा असे, किंवा पहिल्या खेपेची गरोदर बाई असे. कारण गरोदरपणी शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते, आणि अरुंद झालेल्या झडपेला तेवढे रक्त पुढे ढकलता आले नाही, म्हणजे तोवर मुकाट्याने वाढलेले दुखणे धापेच्या रूपाने उघड होते. विलायतेत द्विदल झडप आकसावयास सांध्यांच्या (रूमॅटिक) तापानंतर दोन-तीन दशके लागतात, तीच येथे विशीच्या आत आकसते, याची नोंद सुजॉय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली ‘लॅन्सेट’मध्ये केली. या सर्वांचे मूळ बालपणीच्या घसादुखीत असते. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घशात शिरतो. त्याच्या आवरणातील प्रथिनाविरुद्ध शरीर जे प्रतिद्रव्य आणि ज्या रक्षक पेशी सिद्ध करते, त्यांना जंतूचे प्रथिन आणि हृदयाच्या उतींतील प्रथिने यांतील साम्यामुळे शत्रु-मित्र ओळखू येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी हा ताप येतो, सांधे सुजतात आणि आपोआप ओसरतात. हृदयाची सूज मात्र झडपेच्या पाकळ्यांत व्रण ठेवून जाते. 1904 साली लुडविग अॅशॉफ या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने अशा हृदयाच्या स्नायूत पेशींच्या ज्या बारीक गाठी पाहिल्या, त्या आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. एका खोलीत आठ-दहा माणसे निजणाऱ्या घरांत हा जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो, म्हणून मी या रोगाला हृदयाचा म्हणण्यापेक्षा घराचा रोग म्हणणे अधिक न्याय्य समजतो.

आकसलेल्या झडपेवरील पहिली शस्त्रक्रिया आज ऐकताना अंगावर काटा येतो. 1925 साली लंडनच्या हेन्री साउटर यांनी धडधडत्या हृदयाच्या डाव्या कर्णिकेत बोट घालून एका मुलीची झडप तपासली व मोकळी केली; ती बरी झाली, तरी पुढे त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण कोणी पाठविला नाही, आणि ती कल्पना तेवीस वर्षे तशीच पडून राहिली. 1948 च्या जूनमध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्केन यांनी, आणि सप्टेंबरमध्ये लंडनला रसेल ब्रॉक यांनी ती पुन्हा सिद्ध केली. त्याच सप्टेंबरात मराठवाडा निजामाच्या सत्तेतून मुक्त होत होता. 1950 च्या दशकाच्या प्रारंभी परळला डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ही शस्त्रक्रिया हाती घेतली. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडावयाची, कर्णिकेच्या कानासारख्या टोकाभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालावयाचा, टोक छेदून त्यात तर्जनी सारावयाची, आणि ती आत जाताच सहाय्यकाने नाडी आवळावयाची, म्हणजे रक्त बाहेर फुटत नाही. पुढचे सर्व काम आंधळे असे, कारण हृदय चालूच असे आणि डोळ्यांना आतले काही दिसत नसे. काजाच्या चिरेएवढ्या उरलेल्या तोंडाची कड बोटाच्या अग्राला लागे. पाकळ्यांचे चिकटलेले कोपरे दाबाने सुटत, आणि ते सुटताना जाणवे. रक्ताची उलटी धार बोटावर आपटू लागली, तर आता थांबले पाहिजे हेही तेच बोट सांगे. शल्यविशारदाच्या एका बोटावर इतकी भिस्त ठेवणारी दुसरी शस्त्रक्रिया मला ठाऊक नाही. पुढे हृदय-फुप्फुस यंत्र आले आणि उघड्या डोळ्यांनी झडप दुरुस्त करता येऊ लागली, तरी परळसारख्या रुग्णालयांत ही बंद शस्त्रक्रिया दीर्घकाळ चालू राहिली. तिला यंत्र लागत नव्हते, खर्च अल्प होता, आणि रुग्णांची रांग संपत नव्हती. अखेरीस जपानच्या इनोउए यांच्या फुग्याने, ज्याचे वर्णन 1984 साली प्रसिद्ध झाले, मांडीच्या शिरेतून तेच काम करून दाखविले.

सेन यांचे नाव सामान्य वाचकाला ठाऊक असलेच, तर ते 16 फेब्रुवारी 1968 या तारखेमुळे. केप टाउनला बर्नार्ड यांनी पहिले हृदयारोपण केल्यावर अडीच महिन्यांच्या आत परळला भारतातील पहिले हृदयारोपण झाले. रुग्ण सुमारे तीन तास जगला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केलेल्या दुसऱ्या आरोपणातील रुग्ण चौदा तास. त्या धाडसाचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि माझ्या मते सेन यांच्या कारकिर्दीचे अधिक टिकाऊ कार्य त्या तारखेच्या आधीपासून चालू होते, आणि ते हृदयाचे नव्हे, तर महारोहिणीचे, हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचे होते.

शल्यक्रियागृहात असे तरुण रुग्ण येत, ज्यांच्या हातात रक्तदाब भयंकर असे आणि पायांत नाडी जेमतेम लागे; काहींच्या मनगटातली नाडी मुळीच लागत नसे. क्ष-किरण चित्रात महारोहिणी कोठे आवळलेली, कोठे फुगलेली दिसे. असाच एक विकार 1908 साली जपानचे नेत्रवैद्य ताकायासू यांनी डोळ्यांतील रक्तवाहिन्यांच्या खुणांवरून वर्णिला होता. परंतु जपानात महारोहिणीच्या कमानीवर विशेष आघात होई, आणि येथे छातीच्या खालच्या व पोटातील भागावर अधिक, अनेकदा मूत्रपिंडाच्या धमन्यांसकट. 1962 व 1963 साली सेन, डॉ. जी. बी. परुळकर, विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किनरे आणि सहकारी यांनी या विकारावर लेख लिहिले, आणि 1973 साली 101 रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला स्वतंत्र ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. सुरीने काढलेला तुकडा बाटलीत घालून विसरला गेला नाही. तो किनरे यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली गेला, हे या कार्याचे मर्म होय. तेथे दिसले की, भित्तिकेच्या मधल्या थरातील स्थितिस्थापक तंतूंची सलग पडदी तुटली आहे, तेथे क्षयातल्या गाठींसारख्या गाठी व महापेशी जमल्या आहेत, बाहेरचा थर तंतूंनी जाड झाला आहे, आणि आतला थर वाढून वाहिनीचे तोंड बुजवीत आहे. क्षयाशी असलेला संबंध किनरे यांनी पुढेही तपासला. तो प्रश्न आजही पुरता निकालात निघालेला नाही. शल्यविशारदाला यातून व्यावहारिक ज्ञान मिळाले: सूज जागी असताना घातलेला टाका टिकत नाही, म्हणून ती शमेपर्यंत थांबावे, आणि मग कृत्रिम नळी घालून आवळलेल्या भागाला वळसा द्यावा.

पेशी ही रोगाची बळी नसून त्यात कर्ती असते, हा धडा झडपेच्या बाबतीत वैद्यकाला फार उशिरा मिळाला. वृद्धांच्या महारोहिणीच्या झडपेवर जो चुना चढतो, तो केवळ झिजेचा परिणाम, असे 1904 पासून मोंकेबर्ग यांच्या वर्णनाच्या आधारे मानले जाई. औरंगाबादेत मलिक अंबरने बांधलेल्या पाण्याच्या नहरीच्या खापरी नळात वर्षानुवर्षे चुनखडी साचावी, तसा हा प्रकार समजला जाई. विसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या झडपांचे परीक्षण झाले, तेव्हा त्यांत अस्थी घडविणाऱ्या पेशींची प्रथिने, आणि कित्येकांत तर खरेखुरे हाड आढळले. झडपेच्या आतील ज्या पेशी एरवी तिचे तंतू विणतात व दुरुस्त करतात, त्याच सूज आणि सततच्या ताणाखाली आपला स्वभाव बदलून अस्थिपेशींचे काम करू लागतात. नळ स्वतः चुना तयार करीत नाही, झडप करते. या ज्ञानाने औषधाची आशा जागी झाली, परंतु कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांच्या चाचण्यांत, 2005 पासून 2010 पर्यंत, चुन्याची वाढ थांबली नाही. म्हणून आजही इलाज एकच: झडप बदलणे, छाती उघडून, किंवा 2002 साली फ्रान्सच्या अलँ क्रिबिए यांनी प्रथम केले त्याप्रमाणे मांडीच्या वाहिनीतून.

कृत्रिम झडप परदेशातून येई, तोवर मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरी तिची किंमत हाच रोगाचा निकाल असे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि सहकाऱ्यांनी अनेक नमुने फसल्यावर एक झडप सिद्ध केली, आणि 6 डिसेंबर 1990 रोजी ती पहिल्या रुग्णाला बसविली: कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूचे कडे, आणि त्यात झुकणारी पॉलिथिलीनची चकती, जिला वर्षाला पावणेचार कोटी वेळा उघडझाप करावी लागते. ती बसविलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ठराविक काळाने रक्त तपासावे लागते. दरम्यान लोहमार्ग रुंद झाला, शहरात मोठी रुग्णालये निघाली, आणि 2013 च्या नोव्हेंबरपासून राज्यभर लागू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेने, जिचे नाव आता महात्मा जोतिबा फुले यांच्यावरून आहे, हृदयशस्त्रक्रियेचा खर्च गरिबांच्या आवाक्यात आणला.

तरी घशातून निघणाऱ्या रोगाला शस्त्राची गरजच पडू नये, अशी तजवीज कितीतरी आधीपासून उपलब्ध आहे. ज्याला एकदा हा सांध्यांचा ताप येऊन गेला, त्याने दर एकवीस दिवसांनी कमरेत लांब मुदतीच्या पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे, आणि ते निदान विशी ओलांडेपर्यंत, झडप बिघडली असल्यास चाळिशीपर्यंत चालू ठेवावे. इंजेक्शन स्वस्त आहे, पण दुखते. मूल शाळेत असते, आई मजुरीला जाते, बाप ऊसतोडीला गेलेला असतो, आणि कार्डावरची तारीख टळते. टळलेल्या तारखेनंतर पुन्हा घसा धरला, म्हणजे त्याच झडपेवर दुसऱ्यांदा तोच आघात होतो.