अपुऱ्या दिवसांचे मूल आणि यंत्राचा गोंगाट



शीळफाट्यावर राहणाऱ्या माणसांना आवाजाविषयी नवीन ते काय सांगायचे? मुंब्रा, महापे आणि कल्याण या तिन्ही बाजूंची वाहतूक जिथे एकमेकींस भिडते, तिथेच आम्ही जेवतो आणि झोपतो. त्यातून माझे सारे आयुष्य यंत्रमाग-कामगारांच्या संघटनेत गेले. मागाच्या खात्यात माणसे ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखतात. आवाज हा कष्टकरी माणसाच्या नशिबाचा भोग, अशीच माझी समजूत होती. पुढे माझी नात सातव्या महिन्यात जन्मली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. आत मात्र पाण्याचे बुडबुडे, हवेची शिटी आणि धोक्याच्या घंटा अखंड चालू होत्या. हा गोंगाट तिथे आला कसा, ते मी पुढे वाचून काढले. तोच इतिहास आज आपणांपुढे मांडतो.

ही पेटी जन्मली पॅरिसमध्ये. १८८० च्या सुमारास स्टेफान तार्निये या प्रसूतितज्ज्ञाने कोंबडीची अंडी उबविण्याचे यंत्र पाहिले आणि त्याच धर्तीवर, गरम पाण्याने ऊब देणारी पेटी अर्भकांसाठी करविली. या पेटीने ऊब दिली. परंतु श्वास देणे तिच्या हाती नव्हते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाची फुप्फुसे का मिटतात, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी या डॉक्टरीणबाईंनी दाखविले: फुप्फुसाच्या सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवणारा द्रव त्या मुलांत पुरेसा नसतो. कारण कळले, तरी उपाय दूरच होता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि सुमारे ३९ तासांत याच विकाराने गेला. सत्ता आणि संपत्ती दोन्ही हतबल ठरल्या.

१९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. जॉर्ज ग्रेगरी यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. फुप्फुसात हवेचा थोडा दाब सतत ठेवायचा, म्हणजे पिशव्या मिटत नाहीत. त्यांच्या पहिल्या २० मुलांपैकी १६ वाचली. हेच ते ‘सीपॅप’. पुढे त्यासाठी नाकात आखूड नळ्या बसविण्याची पद्धत रूढ झाली. बुडबुड्यांच्या प्रकारात श्वास बाहेर नेणाऱ्या नळीचे दुसरे टोक पाण्यात बुडवितात. जितके सेंटिमीटर खोल, तितका दाब. यंत्र स्वस्त, युक्ती नामी. लक्षावधी मुलांचा जीव तिने वाचविला आहे. तिची निंदा करण्यास मी उभा नाही.

परंतु अरुंद नळीतून वेगाने जाणारा वारा आवाज करतोच. २००३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी अशा मुलांच्या कानात आणि नाकामागे बारीक ध्वनिग्राहक ठेवून मोजमापे केली. हवेचा प्रवाह वाढला की आवाज वाढतो, आणि तो बाहेरून नव्हे, नाकाच्या वाटेने आत शिरतो. गर्भाला सुमारे २५ व्या आठवड्यापासून ऐकू येऊ लागते. आईच्या पोटात कर्कश स्वर गाळले जातात. उरतो तो आईचा आवाज आणि हृदयाचा ठोका. पेटीत हे गाळणे संपते. मोठ्या आवाजाने बाळाचे ठोके वाढतात, रक्तातील प्राणवायू घटतो, झोप मोडते. पेटीवर ठेवलेली बाटलीसुद्धा आत दणका देते. म्हणून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९७ साली सांगितले, की या कक्षात ४५ डेसिबलांपुढे आवाज जाऊ नये.

आता आपल्याकडील कायदा पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने गोंगाटाच्या बहिरेपणाला पुढे नोंद करण्याच्या रोगांत जागा दिली, आणि त्याखालील नियमांनी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलांची मर्यादा घातली. मुंबईत डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ साली ध्वनिप्रदूषणाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २००० च्या नियमांनी रुग्णालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र ठरविले: दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. म्हणजे मर्यादा बाहेरच्या भोंग्याला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कामगाराची पाळी सुटते आणि कानाला विसावा मिळतो. या इवल्या जीवाची पाळी चोवीस तासांची आहे, कित्येक आठवड्यांची आहे, आणि त्याची संघटना नाही.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. हवेचा प्रवाह गरजेपुरताच ठेवावा, नळीत साचलेले पाणी काढावे, पेटीची दारे हळू लावावीत, घंटा वाजताच तिच्याकडे पाहावे. परंतु पाहणार कोण? एका परिचारिकेवर अनेक मुले सोपविली, तर घंटा वाजतच राहणार. म्हणून बाळाची शांतता हा परिचारिकांच्या संख्येचाही प्रश्न आहे, असे मी संघटनेचा माणूस म्हणून सांगतो.

दुसरा उपाय आई. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा मुले आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची पद्धत निघाली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती जन्मल्यापासूनच सुरू करण्याची शिफारस केली. आपल्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उघडून आईचे मोल पटविलेच होते.

माझी नात आज धडधाकट आहे. यंत्राचे उपकार मी विसरणार नाही. तिला प्रथम छातीशी घेतले, तेव्हा माझी सून काही गुणगुणत होती. मागांनी माझे कान अधू केले आहेत. मला काही ऐकू आले नाही. पण नातीने मान वळविली. तिला ऐकू आले होते. ते प्रत्येक मुलाला ऐकू यावे, एवढीच माझी मागणी आहे.